हौदात लंगोट धुवू नये

“लिही गं पोरी, काय वाट्टेल ते लिही. त्यांच्या बापाला तरी वाचता येणार आहे का?”

तोराझोमामाचा आवाज. भाताच्या दारूने घोगरा झालेला, वर विडीच्या धुराचा थर बसलेला, आणि तरीही लाडिक. मामाला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती, त्याच्या कबरीच्या दगडावर शेवाळ चढलं होतं. पण तोमारिनोउरा या कोळीगावाच्या समाजमंदिरात, मंगळवारी सकाळी दहा वाजता, टेबलावर झेंडा उलगडला आणि तो आवाज शिगेनोच्या कानाशी असा बोलला, की तिने मागे वळून पाहिलं. मागे चहाचा थर्मास होता, दुसरं कोणी नव्हतं.

झेंडा पांढरा. मधोमध लाल सूर्य, आणि सूर्याभोवती शाईची दाटीवाटीने बसलेली अक्षरं, दिव्याभोवती जमलेल्या पाखरांसारखी. लढाईच्या वर्षांत घरातला मुलगा सैन्यात निघाला, की असा एक झेंडा गल्लीतून, शाळेतून, मासळीबाजारातून फिरायचा. ज्याने त्याने त्यावर आपलं नाव घालायचं, जमलं तर एखादं शूर वाक्यही, आणि मुलाने तो घडी करून पोटाशी बांधून न्यायचा. मुलगे गेले ते गेले. झेंडे मात्र अमेरिकन शिपायांच्या खिशांतून समुद्रापार पोचले, तिथल्या माळ्यांवरच्या पेट्यांत झोपून राहिले, आणि आता ते शिपाई म्हातारे होऊन मरू लागले तसे त्यांच्या लेकी झेंडे पोस्टाने परत पाठवू लागल्या होत्या. कुणाचा होता ते शोधा, म्हणायच्या, आणि त्याच्या माणसांना द्या.

शोधायचं काम मंगळवारच्या वाचनमंडळाचं. मंडळात तीन माणसं. एक ओनिझुका गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, वय त्र्याऐंशी, जन्म सागाकडचा. इथे येऊन चाळीस वर्षं झाली तरी गावाच्या लेखी ते अजून पाहुणेच होते. दुसरा किहेई न्हावी. त्याने आयुष्यभर गावातल्या प्रत्येक डोक्याशी गप्पा मारल्या होत्या, त्यामुळे कुणाचं कोण लागतं हे त्याला पाठ. आणि तिसरी शिगेनो, वय सत्याहत्तर, जिने पन्नास वर्षं मासळीबाजारातल्या भावाच्या पाट्या लिहिल्या. गावात कुणाचंही अक्षर वाचता आलं नाही तर लोक तिच्याकडे यायचे.

झेंडा वाचायची त्यांची एक रीत होती. सूर्याला घड्याळ समजायचं. बारा ते चार गुरुजींचे, चार ते आठ किहेईचे, आठ ते बारा शिगेनोचे. घाईत ओढलेलं जुनं अक्षर नुसतं बघून उलगडत नाही. डाव्या तळव्यावर उजव्या बोटाने ते पुन्हा लिहायचं, जसा कुंचला गेला तसं बोट न्यायचं. मग डोळ्याला जे कळत नाही ते बोटाला कळतं. नगरपालिकेचा तोकुदा हातरुमालाने कपाळ टिपत शेजारी बसायचा आणि ते बोलतील ते उतरवून घ्यायचा. सहा वर्षांत त्यांनी अकरा झेंडे वाचले होते. दोन घरी पोचवले होते.

हा बारावा. शिगेनोने तळवा पसरला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि बोट अक्षराच्या पुढे धावलं. वळण यायच्या आधी वळलं, उचलायच्या आधी उचललं गेलं. परक्या अक्षराशी बोट असं कधी वागत नाही. तिने तळवा हळूच मिटला.

अक्षर तिचंच होतं. सतराव्या वर्षीचं.

तो हिवाळा हरल्यानंतरचा पहिला. देश हरला होता, सम्राट रेडिओवर बोलून गप्प झाला होता, आणि तांदळाच्या दुकानात तांदूळ सोडून सगळं होतं. सासेबोच्या बंदरात अमेरिकन जहाजं लागली होती आणि त्यांतल्या पोरांना आठवण म्हणून काहीतरी घरी न्यायचं होतं. तलवार महाग, किमोनो बायकी. झेंडा मात्र सगळ्यांनाच हवा. झेंडे होते कुठे? ते तर मुलांबरोबर गेले होते. मग तोराझोमामाने ठरवलं, की नाहीत तर करू.

मामा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, म्हणजे ज्या दिवशी प्यायलेला नसेल त्या दिवशी करायचा. कापड नौदलाच्या गोदामातून चालत आलं. मामाच्या घरात पुष्कळ वस्तू अशा चालत यायच्या. सूर्य रंगवला जखमेवर लावायच्या लाल औषधाने, भाताच्या तपेलीचं झाकण उपडं ठेवून. देवळाचा शिक्का हवा, तर मामाने रताळं कापून त्यावर मनातल्या देवळाचा शिक्का कोरला, नऊ झेंड्यांवर मारला, आणि शेवटी ते रताळं उकडून खाल्लं. किंमत चढावी म्हणून एखाद्या कोपऱ्यावर बांगड्याचं रक्तही शिंपडायचा. त्यामुळे झेंड्यांना मासळीचा वास यायचा. गोऱ्यांना वाटायचं, रणांगणाचा असणार. मामाला त्यांच्या भाषेतले दोनच शब्द यायचे, ‘व्हेरी’ आणि ‘सामुराई’, आणि तेवढ्यावर त्याचं सगळं दुकान चालायचं.

लिहायला शिगेनो. लढाईची शेवटची दोन वर्षं गावातला प्रत्येक खरा झेंडा तिनेच सजवला होता. अक्षर वळणदार, म्हणून ज्यांना लिहिता येत नव्हतं ते सगळे तिच्याकडूनच नावं घालून घ्यायचे. आता खोटा लिहायचा. “शूरवीराची वाक्यं सुचत नाहीत, मामा,” ती म्हणायची. मामा खिडकीतून बाहेर थुंकून म्हणायचा, की वाक्यं कशाला सुचायला हवीत, समोर दिसेल ते उतरव.

समोर काय होतं? कासव न्हाणीघर. गल्लीच्या तोंडाशी, सगळ्या गावाचा सामायिक हौद, आणि दारावर त्याच्या नियमांची हीऽ मोठी पाटी. शिगेनोने ती पाटीच झेंड्यावर उतरवली. जागा उरली तर बाजारातले सार्डिनचे भाव. त्याहून उरली तर गल्लीतल्या मांजरांची नावं, आडनावं लावून. वर डाव्या हाताला शिपायाचं नाव ठोकून द्यायचं. पहिल्या आठ झेंड्यांवर तिने जगात कधी न जन्मलेल्या आठ वीरांची नावं घातली.

नवव्यावर तिने खरं नाव घातलं. ते का, हे तिने कुणाला सांगितलं नाही. मामाला तर नाहीच. तो झेंडा डुकराच्या मांसाच्या दोन डब्यांना आणि लोकरीच्या एका मोजेजोडीला गेला.

आणि आता तो नववा झेंडा पोस्टाने परत आला होता, सोबत अमेरिकेतल्या एका बाईचं पत्र घेऊन. माझ्या वडिलांनी हा फिलिपिन्समध्ये, लुझोनच्या जंगलात एका मेलेल्या शिपायाच्या हातातून घेतला, ते जन्मभर त्याबद्दल फारसं बोलले नाहीत, असं पत्रात लिहिलं होतं. तोकुदाने ते गहिवरून वाचलं. शिगेनोला वाटलं, न बोलण्यात म्हातारा शहाणाच होता.

तिने तोंड उघडलं. आत्ताच सांगून टाकू, हसून मोकळे होऊ. पण तोवर ओनिझुका गुरुजींचा घसा खाकरला होता, आणि गुरुजींचा घसा एकदा खाकरला की तास सुरू झाला असं गाव समजायचं.

“अद्भुत,” गुरुजी म्हणाले. “असा झेंडा मी आजवर पाहिला नाही. इतरांत तीच तीच घोषवाक्यं असतात. इथे एक व्रतावली आहे. लिहा, तोकुदा. ‘हौदात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे.’ म्हणजे रणात उतरण्यापूर्वी देहशुद्धी. ‘एकमेकांची पाठ चोळून द्यावी.’ म्हणजे सहकाऱ्याची पाठ राखावी. आणि हे पाहा, अंगावर काटा येतो, ‘शेवटचा मनुष्य निघेपर्यंत आग विझवू नये.’”

तोकुदाने कपाळ टिपलं, मग डोळे टिपले.

गुरुजी बिचारे सागाकडचे. त्यांच्या घरी स्वतःचा हौद होता, सार्वजनिक न्हाणीघरात त्यांनी उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. शिगेनोला हसू फुटत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. सार्डिनचे भाव आले, तेव्हा गुरुजी म्हणाले, की इवल्या मासळीने देवमाशाला दिलेलं हे आव्हान आहे. मांजरांची नावं आली, तेव्हा हे लोक बाहेरगावचे असावेत असं ठरलं.

फक्त एका वाक्याशी गुरुजी अडले. ‘हौदात लंगोट धुवू नये.’ त्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, की रणभूमीवर योद्ध्याने क्षुद्र देहचिंता करू नये, असा याचा आशय घ्यावा.

“हे मी कुठंतरी वाचलंय,” किहेई डोकं खाजवत म्हणाला. “अगदी रोज वाचायचो. कुठं बरं?”

शिगेनोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. किहेईने तिच्याकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडाचा चंबू झाला. पन्नास वर्षं वस्तरा धरलेल्या माणसाला कधी गप्प राहावं हे कळतं. त्याने खाली बघून आपलं चार ते आठ वाचायला घेतलं.

ते वाचताना तो मध्येच थांबला.

“इथं खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम सपाट झाला होता. “‘मरू नकोस. घरी ये.’”

सहा वर्षांत, अकरा झेंड्यांवर, शेकडो माणसांच्या हातांनी लिहिलेल्या ओळींत हे कुणी लिहिलं नव्हतं. मनात सगळ्यांच्या असणार. पण सरकारच्या वतीने नजर ठेवणारा गल्लीचा प्रमुख मागे उभा असायचा, शाळेत मास्तर असायचे, आणि शाई वाळण्याआधी सगळे एकमेकांचं वाचायचे. असलं लिहिणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पोलीस गेला असता.

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. ते बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, “तोकुदा, हे जसंच्या तसं लिहा. याला आशय नको.”

आणि मग त्यांनी वर डाव्या कोपऱ्याकडे मान वळवली. ठळक अक्षरातलं शिपायाचं नाव शिगेनोच्या वाट्याचं होतं, पण ती वाचत नाहीये हे पाहून त्यांनीच वाचलं. ताबुची यासुजी.

“ताबुची म्हणजे कासव न्हाणीघरवाले,” तोकुदा उठलाच. “फुसाएआजींचा भाऊ.” आणि शिगेनोने थांबवायच्या आत तो सायकलवर बसून गेलासुद्धा. नगरपालिकेचा माणूस आयुष्यात एकदाच घाई करतो, आणि ती नेमकी नको तेव्हा.

फुसाए आली ती रबरी बूट आणि ओला एप्रन तशीच घेऊन. फुसाए आणि शिगेनो एका गल्लीत वाढलेल्या. एकीच्या घरी भात कमी पडला तर दुसरीच्या घरून वाटी यायची, आणि वाटी परत जाताना कधी रिकामी जायची नाही. फुसाएचं बोलणं गावात प्रसिद्ध. गरम पाण्यासारखं सतत चालू, वाफेसकट. पण झेंड्यासमोर ती गप्प उभी राहिली. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचत गेली. नावावर तळहात ठेवला, जणू एखाद्याचा ताप बघतेय. चहाचा एक घोट घेतला, गुरुजी बाजूला ‘देहशुद्धी’ समजावून सांगत होते तेव्हा तो तिला नाकात गेला आणि ती खूप खोकली. मग म्हणाली, की पुढच्या गुरुवारी भिक्षूला बोलावून हा दादाच्या कबरीत ठेवायचा.

फुसाएने एवढंच बोलावं, हे शिगेनोला सहन होईना. मोठं दुःख आहे, तिने स्वतःला सांगितलं. यासुजीदादा चव्वेचाळीसच्या शरद ऋतूत लढाईवर गेला होता. त्याच्या नावाने त्याची आई रोज एक ताट वाढून ठेवायची, वाफाळता भात, वर झाकण. झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरले, की पोरगा जिवंत आहे असं समजायचं. भात गरम असला की थेंब धरणारच, पण हे तिला कुणी सांगितलं नाही. मग सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत सरकारकडून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची एक पेटी आली. हलवली की खडखड वाजायची. आत हाडं नव्हती. एक गोटा होता.

आणि त्या गोट्याशेजारी आता फुसाए मामाची लबाडी ठेवणार होती. भिक्षू मंत्र म्हणणार होता मांजरांच्या नावांवर. हे शिगेनोने केलं होतं. मैत्रिणीच्या भावाचं नाव तिने दोन डब्यांना विकलं होतं. सांगितलं तर फुसाएचा भाऊ दुसऱ्यांदा जाईल, आणि फुसाए तर जाईलच. नाही सांगितलं तर सत्तर वर्षांच्या मैत्रीच्या बुडाशी हे कायमचं पुरलं जाईल, वर उदबत्ती लावून.

गुरुवारपर्यंत नऊ दिवस होते.

पहिल्या दिवशी ती न्हाणीघरात गेली आणि नुसती आंघोळ करून परत आली. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला, सुनेने उचलला, आणि शिगेनोने माशांच्या लोणच्याची कृती विचारली, जी तिनेच त्या सुनेला शिकवली होती. पाचव्या दिवशी तिने तोकुदाला आडून विचारलं, की समजा, नुसतं समजा, एखादा झेंडा खोटा निघाला तर. तोकुदाचा रुमाल कपाळावरच थांबला. तो म्हणाला की आजी, वार्ताहर येणार आहे, महापौरांचं भाषण छापून झालंय, त्यात ‘देहशुद्धी’ हा शब्द चार वेळा आहे, आणि मला निवृत्तीला आठ महिने उरलेत. असं काही समजू नका, हात जोडतो.

सातव्या दिवशी ती किहेईकडे केस कापायला गेली. त्याने कात्री चालवता चालवता, आरशात न बघता म्हटलं की लहानपणी त्यानेही सासेबोला जाऊन गोऱ्यांना सामुराईची हाडं विकली होती. डुकराची होती. “पण माझी हाडं परत आली नाहीत,” तो म्हणाला. “तू नशीबवान.”

शिगेनोने त्याला सांगितलं की मान कापशील तर बरं होईल.

बुधवारी सकाळी ती उठली तेव्हा खाडीवर धुकं होतं, वाळत घातलेल्या मासळीवर घारी घिरट्या घालत होत्या. दुपारी चारला न्हाणीघर उघडतं. त्याआधी फुसाए हौद रिकामा करून घासते, सुनेला करू देत नाही. शिगेनो मागच्या दाराने आत गेली, चपला काढल्या, पदराचं टोक खोचावं तसे किमोनोचे सोगे कमरेला खोचले, भिंतीवरचा दुसरा ब्रश घेतला आणि हौदात उतरली. फुसाए गुडघ्यांवर बसून तळ घासत होती. भिंतीवर निळा डोंगर रंगवलेला, त्याचे पोपडे निघालेले.

“गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीस,” फुसाए वर न बघता म्हणाली, “आणि हौदात बरी उतरलीस. काय हवंय?”

शिगेनोने घासायला सुरुवात केली. आठ दिवस तिने वाक्यं जुळवली होती. हौदात त्यांतलं एकही बरोबर आलं नव्हतं.

“फुसा, तो झेंडा यासुजीदादाचा नाही.”

“बरं.”

“खोटा आहे. मामाने विकायला केला होता. लिहिला मी.”

“त्या कोपऱ्यात बुळबुळीत राहिलंय,” फुसाए म्हणाली. “तिथं घास.”

शिगेनोने तिथं घासलं. ब्रशचा आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. मग तिने एका श्वासात सगळं सांगितलं, लाल औषध, रताळं, बांगड्याचं रक्त, आठ खोटी नावं, दोन डबे. सांगताना ब्रश चालूच होता, एकाच फरशीवर, पुन्हा पुन्हा.

फुसाएने तिला बोलू दिलं. मग ती मांडी घालून रिकाम्या हौदाच्या तळाशी बसली.

“शिगे, तू मला काय समजतेस? आंधळी की खुळी, ते एकदा ठरव. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून ती पाटी रोज फडक्याने पुसलीय. ‘हौदात लंगोट धुवू नये.’ माझ्या बापाचं वाक्य आहे ते. किहेईचा बाप धुवायचा म्हणून लिहिलं होतं. आणि तो मास्तर मला सांगतोय, देहशुद्धी. चहा नाकातून आला माझ्या.”

“म्हणजे तू त्याच दिवशी—”

“झेंड्यापर्यंत पोचायच्या आधी, दारातूनच. तुझं अक्षर काय मी ओळखणार नाही? पन्नास वर्षं सार्डिनचा भाव वाचून शिव्या घातल्यात त्या अक्षराला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलतेस का ते बघत होते. आठ दिवस लावलेस. सुनेला लोणचं विचारलंस.” फुसाएने हाताच्या पाठीने नाक पुसलं. “आणि त्या दोन डब्यांतला एक आमच्या दारात कुणी ठेवला होता, ते काय मला माहीत नाही? पेटी आली त्याच आठवड्यात. आईने मागच्या दाराने तुला जाताना बघितलं होतं. तीन दिवस खाल्लं आम्ही ते. आई म्हणाली, वास फार चांगला आहे, आणि रडली.”

नळातून एक थेंब पडत होता. शिगेनोला वाटलं, आता मोकळं वाटेल. वाटलं नाही.

“म्हणजे उद्याचं रद्द करायचं,” ती म्हणाली. “मीच सांगते तोकुदाला.”

“कशाला? कबरीत काय आहे तुला ठाऊक आहे. साठ वर्षं मी एका गोट्याला नमस्कार करतेय. सरकारचा गोटा. त्यापेक्षा हे हजार पटीने बरं. बापाची पाटी आहे, भावाचं नाव आहे, तुझं अक्षर आहे, मांजरंसुद्धा आपल्या गल्लीतली आहेत. मास्तर भाषण करील, महापौर करील, मी तोंडाला रुमाल लावून हसेन, लोकांना वाटेल रडतेय. दादा असता तर हौदाच्या काठावर बसून खदाखदा हसला असता.”

ती म्हणत होती ते खरं होतं. यासुजीदादा तसाच होता. शिगेनोने मान हलवली आणि उठायला हात टेकला. फुसाएने तिचं मनगट धरलं. हात ओला होता, साबणाने सुरकुतलेला, आणि पकड मात्र लहानपणीचीच.

“बस. अजून झालं नाही.” तिच्या आवाजातली वाफ गेली होती. “बाकीचं सगळं थट्टा आहे, मी समजले. ती बारीक ओळ थट्टा नाही. तू आठ झेंड्यांवर खोटी नावं घातलीस, नवव्यावर दादाचं घातलंस, आणि खाली ते लिहिलंस. मेलेल्या माणसाला. पेटी आल्यावर. कुणी वाचणार नाही अशा देशात पाठवायला. का गं?”

शिगेनोने दुसरीकडे पाहिलं. रंगवलेल्या डोंगराकडे पाहिलं. बोट आपोआप दुसऱ्या हाताच्या तळव्यावर फिरू लागलं होतं, ती ओळ लिहीत, पुसत, लिहीत. तिने बोट थांबवलं.

“जायच्या आदल्या दिवशी तो बाजारात आला होता,” ती म्हणाली. “मी पाट्या लिहीत होते. त्याने खऱ्या झेंड्याचं कापड माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाला, शिगे, सगळे लिहितात ते तू लिहू नकोस. कुठंतरी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही इतकं बारीक, घरी ये असं लिही. तुझं अक्षर मला ओळखू येतं, मी शोधून वाचेन. मागे गल्लीचा प्रमुख उभा होता, फुसा. त्याने काही ऐकलंही नव्हतं. पण मी घाबरले. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सात वेळा जन्म घे आणि सात वेळा देशासाठी मर.’ सगळे म्हणाले, काय सुंदर लिहिलंय. त्याने ते वाचलं, मला वाकून नमस्कार केला, आणि घडी घालून घेऊन गेला.”